तालिबानशी बोलणं ठीक, पण मान्यतेची घाई कशाला?

१९९९ मध्ये भारताचं विमान कंदहारला पळवून नेलं, तेव्हा तिथं तालिबानचीच सत्ता होती. प्रवाशांच्या सुटकेसाठी मसूद अझहरसह तिघा दहशतवाद्यांना सोडावं लागलं. त्याच तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत आले. संयुक्त राष्ट्रांची प्रवासबंदी असल्याने त्यासाठी खास सवलत घ्यावी लागली. भारतानेही काबूलमधल्या तांत्रिक कार्यालयाला दूतावासाचा दर्जा देण्याची घोषणा केली.

असं का? २०२१ पासून काबूल त्यांच्याच ताब्यात आहे. भारतानं तिथं सलमा धरण, संसद भवन बांधलं. अफगाण भूमी भारताविरुद्ध वापरली जाऊ नये, हेही बघायचंय. बांधाला बांध लागला की वैऱ्याशीही बोलावं लागतं, तसंच हे.

पण बोलणं वेगळं, मान्यता वेगळी. रशियानं जुलै २०२५ मध्ये मान्यता दिली. भारतानं दिल्लीभेटीतही दिली नाही. तिकडं मुलींना सहावीपुढं शाळा बंद आहे. दिल्लीतल्या मुत्ताकींच्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकार नव्हत्या. टीका झाल्यावर दुसरी घ्यावी लागली. म्हणजे दबाव चालतो. मान्यता हा भारताच्या हातातला मोठा पत्ता आहे. तो फुकट टाकला, तर त्या मुलींसाठी मागायला काय उरणार?