गरम पाण्याचा झरा आणि साडूंचे पाय



थंडी सुरू झाली की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, गुडघे फार धरलेत. वज्रेश्वरीला चार दिवस जाऊन कुंडात बसलं तर चालेल ना?" त्यामागे न विचारलेला दुसरा प्रश्न असतो: मग गोळ्या बंद करू का? आजवर मी घाईघाईत 'जा, पण गोळ्या सोडू नका' एवढंच सांगत आलो. मध्यंतरी मी स्वतःच एका गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊन आलो, तोही थेट अमेरिकेत. तिथं जे पाहिलं, त्यामुळे हे उत्तर जरा सविस्तर द्यावंसं वाटतंय.

माझ्या पत्नीची थोरली बहीण ऑरेगॉन राज्यात पोर्टलंडला राहते. आम्ही चौघं, म्हणजे आम्ही दोघं, ताई आणि साडू, गाडीने 'का-नी-टा' नावाच्या ठिकाणी गेलो. पोर्टलंड हे पावसाचं, हिरवंगार शहर. पण माउंट हूडच्या बाजूने कॅस्केड पर्वतरांग ओलांडली की अक्षरशः तासाभरात सगळं बदलतं. देवदार संपतात, खुरटी जुनिपरची झाडं आणि राखाडी झुडपं सुरू होतात, हवा कोरडी पडते. आपल्याकडे महाबळेश्वरहून माणदेशात उतरावं तसं. कारणही तेच: ढग डोंगराच्या अलीकडे रिते होतात. तिकडे या भागाला 'हाय डेझर्ट' म्हणतात, उंचावरचं वाळवंट. त्यात नदीकाठी हे झऱ्याचं ठिकाण आहे.

ते कुठल्या हॉटेल कंपनीचं नाही. वॉर्म स्प्रिंग्ज, वास्को आणि पायूट या तीन मूळ अमेरिकी जमातींच्या संघाचं आहे. १८५५ च्या करारात वॉर्म स्प्रिंग्ज आणि वास्को लोकांनी सुमारे एक कोटी एकर जमीन अमेरिकी सरकारला दिली आणि साडेसहा लाख एकरांच्या आसपास स्वतःकडे राखली. पायूट लोक तिथं नंतर आले. पुढे या राखीव प्रदेशातली झऱ्याची जागाही खासगी मालकीत गेली. जमातींनी ती १९६१ मध्ये पैसे मोजून परत घेतली आणि १९६४ मध्ये रिसॉर्ट सुरू केलं. त्यातला पैसा कुठून आला हे ऐकून मी गप्प झालो. कोलंबिया नदीवर सेलायलो नावाचे धबधबे होते. हजारो वर्षं हे लोक तिथं सामन मासा पकडत. १९५७ मध्ये धरणाच्या पाण्याखाली ते धबधबे बुडाले. त्याची जी नुकसानभरपाई मिळाली, तिच्यातून या लोकांनी हा झरा पाहुण्यांसाठी उभा केला. धरणात गेलेली गावं आपण कमी पाहिलेली नाहीत, त्यामुळे जास्त काही सांगायला नको. २०१८ मध्ये तोट्यामुळे रिसॉर्ट बंद पडलं, शंभराहून अधिक लोकांची नोकरी गेली आणि २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं.

आता पाण्याकडे येतो.

आम्ही चौघं टाकीच्या काठावर बसलो. आधी ताईंनी पाय घातला आणि "आई गं!" म्हणून बाहेर काढला. मग पत्नीने घातला, तिनेही तोंड वाकडं केलं. पाणी सोसेल इतकंच होतं, पण पहिला चटका जाणवण्याइतकं नक्की गरम होतं. मग साडूंनी दोन्ही पाय घोट्यापर्यंत बुडवले आणि म्हणाले, "अहो, हे तर कोमट आहे. उगीच ओरडता तुम्ही."

ताई हसल्या. मला हसू आलं नाही. साडू त्रेसष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांना अठरा वर्षं मधुमेह आहे. त्यांना मी पाय बाहेर काढायला सांगितलं आणि हात पाण्यात घालायला लावला. "अरे, गरम आहे की!" तोच माणूस, तेच पाणी. हाताला गरम आणि पायाला कोमट.

अनेक वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या लांब नसा आधी खराब होतात. बोटांपासून सुरुवात होते, मोजा चढवावा तसा बधिरपणा वर सरकतो. दुखत नाही म्हणून पेशंटला कळत नाही. चटका बसणं ही शरीराने आपल्याला दिलेली घंटा आहे, आणि ही घंटा ज्याची बंद पडली तो माणूस उकळतं पाणीसुद्धा 'बरं वाटतंय' म्हणून पायावर घेतो. शेकायची पिशवी, विटेचा शेक, मिठाचं गरम पाणी यांनी पाय भाजून आलेले पेशंट मी दरवर्षी पाहतो. एका आजोबांची दोन बोटं काढावी लागली. ते कुंडावरून आले होते, आणि मला आठ दिवसांनी दाखवायला आले, कारण दुखतच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी साडूंना सोफ्यावर आडवं केलं, डोळे मिटायला सांगितले आणि तर्जनीच्या टोकाने त्यांच्या पायांच्या बोटांना हलकेच स्पर्श केला. दाबायचं नाही, टोचायचं नाही, फक्त टेकवायचं, एखादी सेकंद. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा जागा. स्पर्श कळला की 'हो' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळलं नाही, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असं समजून डॉक्टरांकडे जायचं. साडूंना तीन ठिकाणी कळलं नाही. ही चाचणी तुम्ही आज रात्री घरातल्या मधुमेही माणसावर करू शकता, खर्च काही नाही. माझी एवढीच विनंती आहे की कुंडावर नेण्याआधी ती करा.

गरम पाण्याने बरं वाटतं, हे खोटं नाही. पाण्यात शरीराचं वजन हलकं होतं, सांध्यांवरचा भार कमी होतो, उबेने स्नायू सैल पडतात. गुडघ्याच्या झिजेत अशा स्नानाने काही आठवडे वेदना कमी राहिल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे, पण ते अभ्यास बहुतेक लहान आणि कच्चे आहेत. झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही. गंधकामुळे किंवा खनिजांमुळे 'रक्त शुद्ध होतं' या म्हणण्याला काही आधार नाही. जमिनीत खोल गेलं की दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढते. पाणी खोल मुरतं, तापतं, वर येतं, वाटेत खडकातले क्षार घेतं. निसर्गाचं कौतुक जरूर करा. मीही एक तास नुसता तो डोंगर बघत बसलो होतो, आणि मोबाइल पिशवीत होता. त्या तासाने माझा रक्तदाब नक्की उतरला असणार.

रक्तदाबावरूनच सांगतो. गरम पाण्यात त्वचेच्या रक्तवाहिन्या फुगतात, दाब खाली येतो. रक्तदाबाच्या, छातीत दुखण्याच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर टाकीतून झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस ओल्या फरशीवर आपटतो. म्हणून दहा मिनिटांनी बाहेर या, काठावर बसा, मग उठा. ४० अंशांच्या वरचं पाणी कोणालाच नको. ५० अंशांच्या पाण्यात काही मिनिटांत भाजतं, ६० ला काही सेकंदांत. आणि दापोलीजवळच्या उन्हवऱ्यासारख्या ठिकाणी उगमाचं पाणी याहूनही तापलेलं असतं. इन्शुलिन घेतल्यावर लगेच गरम पाण्यात बसू नका, ते रक्तात लवकर उतरतं आणि साखर एकदम पडते. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, नको. दारू पिऊन तर नकोच. आणि उघड्या कुंडात नाकात पाणी जाऊ देऊ नका. अशा पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो, फार क्वचित, पण गेला तर माणूस वाचणं कठीण.

आता माझं मत, ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

अमेरिकेत मधुमेहाचं प्रमाण मूळ रहिवासी जमातींमध्ये सर्वांत जास्त आहे. मधुमेहाने मूत्रपिंड निकामी होण्याचं प्रमाणही त्यांच्यात फार होतं. १९९७ पासून त्यांच्यासाठी मधुमेहाचा खास कार्यक्रम सुरू झाला: गावातच तपासणी, मूत्रपिंड वाचवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, नियमित लघवीची आणि पायांची तपासणी, घरी येऊन विचारपूस करणारे त्यांच्यातलेच आरोग्यसेवक. १९९६ ते २०१३ या काळात या लोकांमधलं मधुमेहामुळे मूत्रपिंड निकामी होण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी घटलं. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही गटात इतकी घट झाली नव्हती.

ज्यांच्या अंगणात गरम झरा आहे ते मधुमेहासाठी झऱ्यावर विसंबलेले नाहीत. ते रोजची गोळी घेतात आणि पाय तपासून घेतात. आमच्याकडे मात्र 'नैसर्गिक' म्हटलं की गोळ्यांचा डबा घरीच राहतो. मला याचा राग येतो, लपवत नाही.

आणखी एक. याच वॉर्म स्प्रिंग्जमध्ये २०१९ साली जलवाहिनीत बिघाड झाला आणि लोकांना अनेक आठवडे पाणी उकळून प्यावं लागलं. नंतरही असे इशारे पुन्हा पुन्हा निघाले. ज्यांच्या जमिनीतून झरा वाहतो, त्यांच्या नळाचा भरवसा नाही. मला विचाराल तर गावाची तब्येत कुंडापेक्षा त्या नळावर जास्त अवलंबून असते, तिथंही आणि इथंही.

साडूंचा परवा फोन आला होता. तिकडच्या डॉक्टरांनी पायांची पूर्ण तपासणी केली, चपला बदलायला लावल्या, औषध वाढवलं. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं म्हणतात. ताईंनी मागून ओरडून सांगितलं की पाय आधी त्या घालणार.