वेबसाइट विकताय? पैसे मधल्याकडे ठेवा, पण आधी तो मधला तपासा

सोलापूर : माल आधी द्यायचा की पैसे आधी घ्यायचे, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात जुनाच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या बोरगावच्या शेतकऱ्याने सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकला. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता हाती पडला दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. भाव पडला होता हे खरंच. पण एकदा माल दिला की विकणाऱ्याच्या हातात काही उरत नाही, हेही त्यातून दिसलं.

आता तोच प्रश्न मोबाईलवर आलाय. बाजारभाव, नोकरभरती किंवा गावच्या बातम्यांची वेबसाइट चांगली चालायला लागली की ती विकत घेणारं गिऱ्हाईक येतं. ते परराज्यातलं, कधी परदेशातलं असतं. भेट नाही, ओळख नाही. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, एकदा त्याच्या खात्यात गेलं की परत मिळवणं फार अवघड.

यावर उपाय म्हणजे एस्क्रो. घेणारा पैसे मधल्या संस्थेकडे भरतो. पैसे जमा झाल्याचं संस्थेने कळवल्यावर विकणारा डोमेन सोडतो. घेणाऱ्याने तपासून होकार दिला की संस्था पैसे विकणाऱ्याला देते. अमेरिकेतली एस्क्रो डॉट कॉम ही कंपनी १९९९ पासून हेच काम करते. आपल्याकडेही या जातीचा नियम आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार घर घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के बिल्डरला वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात आणि काम होईल तसेच काढता येतात.

खरा धोका मधल्यातच

ठग एस्क्रोला नाही म्हणत नाही. उलट तोच म्हणतो, "एस्क्रोनेच करू, ही घ्या लिंक." लिंक उघडली की हुबेहूब साइट दिसते, नावात फक्त एखादं अक्षर वेगळं. मग ईमेल येतो : पैसे जमा झाले, डोमेन सोडा. विकणारा सोडतो. मागाहून कळतं की पैसे कुठे भरलेच नव्हते.

म्हणून काही गोष्टी पक्क्या ठरवाव्यात :

- एस्क्रो संस्था स्वतः निवडा. समोरच्याने पाठवलेली लिंक उघडू नका, पत्ता स्वतः टाइप करा.
- ईमेल किंवा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. आपल्या खात्यात लॉगिन करून पैसे जमा दिसले, तरच डोमेन सोडा.
- "पैसे सोडवायला आधी एवढी रक्कम भरा" असं कोणी म्हणालं की व्यवहार थांबवा. संस्थेचं शुल्क कोण भरणार ते सुरुवातीलाच ठरवा.
- यूपीआयवर पैसे घेताना पिन लागत नाही. पिन किंवा ओटीपी मागणारा ठगच समजा.
- डोमेन, मजकूर, सोशल मीडियाची पानं यातलं काय काय देणार आणि तपासायला किती दिवस, हे लेखी ठेवा. स्वतःचा जीमेल पासवर्ड देऊ नका.
- नवीन नोंदवलेलं डोमेन पहिले ६० दिवस दुसऱ्या कंपनीकडे नेताना अडू शकतं. तारीख आधी बघा, नाहीतर तपासणीची मुदत त्यातच जाते.

व्यवहार छोटा असेल आणि एस्क्रोचं शुल्क परवडत नसेल, तर पैसे थेट बँकेत घ्या. शिल्लक स्वतःच्या बँक ॲपमध्ये बघा, नुसत्या मेसेजवर जाऊ नका.

फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. मात्र अशा फसवणुकीत बऱ्याचदा पैसे नाही, तर डोमेन गेलेलं असतं. तेव्हा बँकेत गोठवायला रक्कमच नसते. त्यामुळे जिथे डोमेन नोंदवलं होतं त्या कंपनीलाही त्याच तासाला कळवून ते पुढे जाऊ देऊ नका असं सांगावं. ठगाने ते तिसऱ्याला विकलं की काम आणखी अवघड होतं.