जंतूची वंशावळ आणि राष्ट्रसंघाचे उत्तरदायित्व

जानेवारी २०१० च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेला हैती हा गरीब देश सावरतो न सावरतो तोच, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेथे पटकीची साथ उद्भवली. त्यापूर्वी सुमारे शतकभर तेथे या रोगाची नोंद नव्हती. पुढील काही वर्षांत ८ लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे १० हजार दगावले. रोग आला कोठून?

आर्तिबोनित नदीला मिळणाऱ्या प्रवाहाकाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेतील नेपाळी तुकडीचा तळ होता. तेथील मैला पाण्यात जातो, असे आसपासचे लोक प्रथमपासूनच सांगत होते. परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे.

येथे जीवाणूंचे वाण ओळखण्याचे शास्त्र उपयोगी पडले. जुन्या पद्धतीत जंतूच्या डीएनएचे विकरांनी तुकडे करून, विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने त्यांचे पट्टे उमटवितात व ते ताडून पाहतात. पट्टे जुळले, तरी नाते किती जवळचे हे त्यातून नेमके कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी संपूर्ण जनुकसंचच वाचला. पटकीच्या जंतूत अशी सुमारे ४० लाख अक्षरे असतात. नेपाळात २०१० मध्ये मिळालेल्या २४ नमुन्यांपैकी काहींत आणि हैतीतील जंतूंत फरक आढळला तो अवघ्या एकदोन अक्षरांचा! हा निष्कर्ष ऑगस्ट २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

अर्थात, प्रयोगशाळा नाते सांगते; जंतू कोणी व कोणत्या वाटेने आणला, हे ती सांगत नाही. परंतु तुकडीचे आगमन आणि तळाखालच्या वस्तीत आढळलेले पहिले रुग्ण यांचा मेळ त्या नात्याशी बसला, तेव्हा शंकेला फारशी जागा उरली नाही.

तरीही राष्ट्रसंघाने २०१३ मध्ये पीडितांचे नुकसानभरपाईचे दावे विचारातच घेण्याचे नाकारले. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने संघाचे कायदेशीर संरक्षण मान्य केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. मात्र सोबत जाहीर झालेल्या ४० कोटी डॉलरांच्या योजनेसाठी सदस्य राष्ट्रांनी अल्पसाच निधी दिला.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न साधा आहे. मैल्याच्या विल्हेवाटीवर वाचविलेला खर्च नाहीसा होत नाही. तो नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या माथी बसतो. ज्याने घाण केली त्याने ती निस्तरावी, हे तत्त्व कारखान्यांना लागू करायचे आणि जागतिक संस्थांना त्यातून सूट द्यायची, हे न्यायाचे नव्हे. शिवाय हा भुर्दंड दीर्घकाळचा ठरला. तीन वर्षांहून अधिक काळच्या खंडानंतर २०२२ मध्ये हैतीत पटकी परतली, तेव्हा तो जंतू २०१० च्याच वाणाचा निकटचा वंशज असल्याचे जनुकीय तपासणीत दिसून आले.

शांतिसेनेविषयीच्या करारात असे दावे ऐकण्यासाठी स्थायी आयोगाची तरतूद होती. तो आयोग कधी नेमलाच गेला नाही. पुरावा अक्षराअक्षराने तपासण्याची सोय झाली आहे; तो मांडायला दारच नसेल, तर त्या शास्त्राचा पीडितांना उपयोग काय? यापुढे कोठेही शांतिसेना पाठविताना हा आयोग आधी नेमला जावा, एवढी मागणी निश्चितच वाजवी ठरेल.