टाके दाखवायला लाज कसली?

माझ्या धाकट्या बहिणीचे सासर धुळ्यात. पहिल्या बाळंतपणासाठी ती जळगावला आमच्याकडे आली. सिझेरियन झाले, मुलगी झाली, घर खूश. आठव्या दिवशी अम्मीला तिच्या कपड्यांवर डाग दिसला. टाक्यांतून दोन दिवसांपासून पाणी येत होते आणि ती गप्प होती. 'जाड आहेस म्हणून असे झाले' हे तिला पुन्हा ऐकायचे नव्हते. जखम उघडली. रोज ड्रेसिंग करून ती भरायला महिना गेला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण त्या महिन्यात डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे कळले, ते आधी माहीत असते तर बरे झाले असते.

चरबीच्या थरात रक्तवाहिन्या कमी असतात. त्यामुळे जखमेपर्यंत ऑक्सिजन आणि औषध कमी पोहोचते. थर जाड असेल तर आत पोकळी राहते, तिथे पाणी साचते, टाक्यांवर ताण येतो. सिझेरियनचा आडवा छेद ओटीपोटावर असतो. पोट सुटलेले असेल तर तो घडीखाली झाकला जातो. जळगावात एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा ती घडी दिवसभर घामाने ओली राहते. त्यात मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो.

ही काही एकट्या माझ्या बहिणीची गोष्ट नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या 24 टक्के स्त्रियांचे वजन जास्त आहे आणि 21.5 टक्के बाळंतपणे सिझेरियनने होतात.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: वजन हा टोमण्याचा विषय नाही, तयारीचा आहे. भारतीयांसाठी बीएमआय 25 च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात. उंची 155 सेंटिमीटर असेल तर हा आकडा साधारण 60 किलोला येतो. वजन कमी करायचे ते गरोदरपणाआधी. दिवस गेल्यावर उपाशी राहायचे नाही, आणि 'दोन जिवांची आहे' म्हणून दुप्पट खाऊही घालायचे नाही. साखर आणि हिमोग्लोबिन वेळेवर तपासून घ्या. ऑपरेशनआधी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा: छेद देण्याआधी अँटिबायोटिक देणार ना? डोस वजनानुसार असेल ना? चरबीचा थर दोन सेंटिमीटरहून जाड असेल तर तोही शिवतात, हे त्यांना माहीत असते. तुम्ही विचारलेत म्हणून कुणी रागावणार नाही.

घरी आल्यावर जखम कोरडी ठेवा, सैल सुती कपडे घाला, घरातल्या घरात चालणे लवकर सुरू करा. टाक्यांवर शेगडीचा शेक किंवा हळद-तेल नको. हरीरा आणि डिंकाचे लाडू प्रेमाने येतात, पण जखम भरायला प्रथिने लागतात. अंडी, डाळ, मासे, दूध ताटात असू द्या.

जखमेचा संसर्ग बहुतेक वेळा सुट्टी मिळून घरी आल्यावरच दिसतो. लाली, सूज, पाणी किंवा पू, दुर्गंधी, ताप, वाढते दुखणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सिझेरियननंतर आशाताई सातव्या दिवसापासून घरभेटीला येतात, त्यांनाही सांगा. पडद्याचा प्रश्न असेल तर महिला डॉक्टर किंवा नर्स मागा. तो तुमचा हक्क आहे. खर्चाची भीती असेल तर जळगाव आणि धुळ्याची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधे, तपासण्या आणि सात दिवसांचा आहार मोफत आहे.

आणि भावांनो, हे फक्त बायकांचे काम नाही. मी पुण्याहून रोज फोन करायचो आणि 'बाळ कसे आहे?' एवढेच विचारायचो. 'तुझे टाके कसे आहेत?' हे एकदाही विचारले नाही. विचारले असते तर कदाचित ती दोन दिवस आधी बोलली असती.