कोरड्या हाताची खात्री

आत्याच्या न्हाणीघरात गेल्या वर्षी नवी फरशी बसवली. पांढरी, चकचकीत, तोंड दिसेल अशी. फरशी निवडताना दुकानात मी सोबत होतो. विक्रेत्याने फरशीवर तळहात दाबून पुढे ढकलून दाखवला. ‘बघा साहेब, सरकतोय का हात?’ नव्हता सरकत. तीन महिन्यांनी आत्या त्याच फरशीवर साबणाच्या पाण्यावरून घसरली आणि खुब्याचे हाड मोडले.

विक्रेता खोटे बोलला नव्हता. चूक आमच्या घर्षणाच्या कल्पनेत होती.

शाळेत आपण शिकलो की पृष्ठभाग खडबडीत असतात, त्यांचे उंचवटे एकमेकांत अडकतात, म्हणून घर्षण होते. १६९९ मध्ये आमाँताँ या फ्रेंच संशोधकानेही साधारण हेच मानले होते. पण उंचवट्यावर चढताना खर्च झालेली ताकद उतरताना परत मिळायला हवी. मग तळहात चोळल्यावर ऊब येते कुठून? आणि वर्कशॉपमधल्या फिटरला विचारा: स्लिप गेजचे पोलादी ठोकळे आरशासारखे गुळगुळीत असतात, तरी दोन ठोकळे दाबून एकमेकांवर सरकवले की असे चिकटतात की वरचा उचलला तर खालचाही सोबत येतो.

याचा उलगडा गेल्या शतकाच्या मध्याला केंब्रिजमधल्या बाउडन आणि टेबर यांनी केला. बाउडन उपमा देत ती स्वित्झर्लंड उलटा करून ऑस्ट्रियावर ठेवण्याची. आपण सह्याद्री उलटा करून सातपुड्यावर ठेवू. शिखरे शिखरांना टेकतील, दऱ्या रिकाम्या राहतील. दोन वस्तूंचा खरा स्पर्श असा मोजक्या टोकांवरच होतो. सगळे वजन तेवढ्याच टोकांवर आल्याने ती चेपतात, दोन्हीकडचे अणू अगदी जवळ येतात आणि एकमेकांना धरतात. वस्तू सरकवायची म्हणजे हे सांधे तोडायचे. वजन वाढले की जास्त टोके टेकतात, घर्षण वाढते. वीट आडवी ठेवा की उभी, ओढायला ताकद जवळपास तेवढीच लागते, तीही याचमुळे.

आता दुकानात परत जाऊ. कोरडा तळहात मऊ असतो. गुळगुळीत फरशीवर तो नीट बसतो, खरा स्पर्श भरपूर होतो, पकड उत्तम मिळते. पण साबणाच्या पाण्याचा पातळ थर मध्ये आला की सांधेच जुळत नाहीत. चकचकीत फरशीवर त्या पाण्याला निसटायला वाट नसते, आणि टाच टेकते ती क्षणभरच. खरखरीत फरशीची टोके हा थर भेदतात, खाचांतून पाणी बाजूला जाते. म्हणजे ओल्या जागी खडबडीतपणा मुख्यतः पाय अडकवण्यासाठी नव्हे, पाणी फोडण्यासाठी हवा. घासून सपाट झालेली रबरी स्लीपर घसरते तीही खाचा गेल्यामुळेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात. त्यात साठीपुढची सर्वाधिक. आपण मात्र हाडांची घनता तपासतो, कॅल्शियमच्या गोळ्या घेतो आणि फरशी चकाकी बघून निवडतो. माझ्या मते न्हाणीघरासाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फरशीच्या खोक्यावर तिची ओली पकड छापणे सक्तीचे हवे. मोजायची पद्धत तयार आहे. जर्मन चाचणीत साबणाचे पाणी वाहत्या उतारावर माणूस अनवाणी चालतो आणि उतार वाढवत नेतात. १२, १८ आणि २४ अंशांपर्यंत टिकणाऱ्या फरशीला अनुक्रमे ए, बी, सी असा दर्जा मिळतो. तोवर निदान नमुना ओला करून तरी बघा.

खरखरीत फरशीत मळ बसतो, ही तक्रार खरी आहे. साबणाचा थर खाचांत साचला तर तीही निसरडी होते, म्हणून ब्रशने घासावी लागते. खुब्याच्या शस्त्रक्रियेपुढे मला हे काम हलके वाटते.

आत्या आता वॉकर घेऊन चालते. न्हाणीघरातली फरशी बदलली. तिच्या मते ती गोठ्यासारखी दिसते. या वेळी दुकानात मी साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन गेलो होतो. विक्रेत्याने आधी फडके मागवले, मग म्हणाला, ‘असं कुणी बघत नाही हो.’