बुद्धिबळाच्या पटावरील संख्या

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे दुप्पट करीत गेल्यास चौसष्टाव्या घराअखेर एकूण १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे होतात. तेराव्या शतकातील अरबी चरित्रकार इब्न खल्लिकान याने सांगितलेली ही भारतीय राजाची कथा विद्यार्थ्यांना परिचित असते. परंतु राजाची कोठारे अपुरी पडली, एवढे ऐकवून पुष्कळदा वर्गातील पाठ संपतो, आणि या संख्येवर अन्याय होतो. मोठेपणा हा कोणत्याही संख्येचा अगदी सामान्य गुण होय. तिच्यात एक मिळविताच तिच्याहून मोठी संख्या तयार होते. तिचे अवयव कोणते, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे, व तो शालेय बीजगणिताच्या आटोक्यातला आहे.

ही संख्या म्हणजे २ चा ६४ वा घात वजा १. दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र लावले की तिचे दोन अवयव पडतात : २ चा ३२ वा घात अधिक १, आणि तोच घात वजा १. यांपैकी दुसऱ्याला पुन्हा तेच सूत्र लागते. असे पायरीपायरीने उतरत गेल्यावर ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७ या सहा संख्यांचा गुणाकार हाती येतो. पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. सहावीचे काय?

याच मालिकेविषयी फ्रेंच गणिती फेर्मा याने १६४० मध्ये मत प्रकट केले की, तिच्यातील सर्वच संख्या मूळ असाव्यात. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले की, सहाव्या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या. म्हणजे क्रमाने भागत गेले असते, तरी ११६ भागाकारांत निकाल लागला असता. फेर्मासारख्या गणित्याच्या हातून एवढे राहून जावे, याचे नवल वाटते.

लांबलचक भागाकार न करताही हे पडताळता येते, आणि वर्गात करून दाखवावे ते हेच. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात. ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केल्यास येणाऱ्या संख्येला ६४१ ने भाग जातो, कारण ६४० अधिक १ हा तिचा अवयव आहे. दुसरीकडे, ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६. त्याला २ च्या २८ व्या घाताने गुणिले की ६४० चा चौथा घात अधिक २ चा ३२ वा घात मिळतो. या दुसऱ्या राशीतून पहिली वजा करावी. उरतो २ चा ३२ वा घात अधिक १. फळ्यावर चार ओळी पुरतात.

उरलेल्या पाच अवयवांनाही भूमितीत स्थान आहे. सतरा बाजूंची सुसम बहुभुजाकृती केवळ पट्टी व कंपास यांनी काढता येते, हे गाउसने १७९६ मध्ये ओळखले. त्या पाचांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५ होतो, व तत्त्वतः इतक्या बाजूंची आकृतीही त्याच साधनांनी साध्य आहे. बाजूंची संख्या विषम असेल, तर याहून मोठी अशी आकृती अद्याप कोणास ज्ञात नाही. कारण फेर्माच्या मालिकेत सहावी मूळ संख्या अजून सापडलेली नाही.