रुक्मिणीची पूजा आणि आर्चीचा धिक्कार

आमच्या उधन्यातील खानदेशी वस्तीत ‘सैराट’चा विषय निघाला की एकच आरोप कानी येतो : या बोलपटाने मुली बिघडल्या, घराण्यांची अब्रू गेली. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २०१६ साली आला. आरोप अजून शिळा झालेला नाही. आम्हांस तो मुळीच मान्य नाही.

त्या कथेत गुन्हा कोणाचा, हे आधी पाहावे. पाटलाची आर्ची व मच्छीमाराचा पर्शा हैदराबादेस जाऊन कष्टाने संसार मांडतात. पुढे माहेरची माणसे भेटी घेऊन येतात, आर्ची त्यांचे आदरातिथ्य करते, आणि तीच माणसे दोघांचा जीव घेतात. घराण्याची अब्रू गेली असेल तर ती तेथे गेली!

धर्म बुडाला, असे म्हणणाऱ्यांनी भागवताचा दशमस्कंध उघडावा. रुक्मी या भावाने शिशुपालाशी ठरविलेला विवाह झुगारून रुक्मिणीने कृष्णास निरोप धाडला. तिचे हरण झाले तेही देवीचे दर्शन घेऊन परतताना. पाठलाग करणाऱ्या रुक्मीचा जीव तिच्याच विनवणीने वाचला; कृष्णाने त्यास केवळ विद्रूप केले, तर सोयऱ्यास विद्रूप करणे हाही वधच, असे बलरामाने बजावले. मग पोटच्या मुलीवर शस्त्र धरणाऱ्यास कोणत्या शास्त्राचा आधार?

आईबापांच्या दुःखाची आम्ही थट्टा करीत नाही. परंतु त्या दुःखाची मर्यादा कायद्याने आखली आहे. वधू १८ व वर २१ वर्षांचा असल्यावर १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यास ना जातीची अट, ना पालकांच्या संमतीची. आईबापांनी हवे तर संबंध तोडावेत. धमकी वा मारहाण करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लता सिंग खटल्यात स्पष्ट केले.

देवळाच्या पंचांकडे आमचे मागणे एवढेच. असे जोडपे व त्यांचे आईबाप यांची भेट सभामंडपात घडवावी, आणि कोणीही हात उगारणार नाही याची हमी वडीलधाऱ्यांनी घ्यावी. चांगले स्थळ मिळावे म्हणून आपण उपवर मुलींकडून एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’चे पारायण करवितो. पोथी वाचणाऱ्या मुलीने उद्या आपली निवड बोलून दाखविली, तर निदान ती ऐकून घेण्याचे धैर्य आपल्या अंगी असावे.